कडेच्या दोन खुर्च्या

आधी नवऱ्याच्या उजव्या पायाची टाच जमिनीपासून बोटभर वर उचलली गेली. मग त्याचा हात खिशात गेला आणि स्कूटरची किल्ली मुठीत आली. पडद्यावर इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं. खुनी कोण, हे तो आता सांगणारच होता. तेवढ्यात तिच्या कोपराला हात लागला.

"चल."

ती उठली. लग्न झाल्यापासून ती अशीच उठत आली होती.

बाहेर गाड्यांच्या स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. असणार कसं? सगळे आत होते. नवऱ्याने स्कूटर सहज बाहेर काढली आणि लढाई मारल्यासारखा तिच्याकडे बघून हसला.

"बघ, कशी सुटली! अजून जरा बसलो असतो, तर अडकलोच होतो."

"खुनी कोण असेल हो?"

"तो डॉक्टर. नाहीतर त्याची मेहुणी. शेवटी असतं काय गं? एक तर लग्न लागतं, नाहीतर कुणीतरी मरतं."

नवरा वाईट नव्हता. बस डेपोत दिवसभर गाड्या वेळेवर फाटकाबाहेर काढणं, हे त्याचं काम. कोंडी म्हटली की तो आधीच घड्याळ बघू लागे. पण नवा सिनेमा लागला की तिकिटं तोच आणायचा, न विसरता, आणि नेहमी कडेच्या दोन खुर्च्या.

ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. मेणात बसवलेल्या पेशींच्या नमुन्याचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. आणि एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती सिनेमांवर लिहायची. जे पाहिलं, तेवढंच लिहायची: कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर उगाच रेंगाळला, धो धो पावसात नायकाचे बूट कोरडे कसे राहिले. शेवटाबद्दल अवाक्षर नसे. वाचक त्यावर बेहद्द खूश होते.

"ताई, तुमचं एक बरंय हं," पलीकडच्या टेबलावर रक्त तपासणारी मैत्रीण म्हणाली, "शेवट कधी फोडत नाही. काय तो संयम!"

"संयम कसला? लिहिताना मला तो माहीतच नसतो."

अख्खी प्रयोगशाळा हसली. ती खरं बोलली, की लोकांना तो विनोद वाटे.

त्याच दुपारी संपादकांचा फोन आला. "ती नावाड्याची जुनी फिल्म पुन्हा लागतेय, प्रत दुरुस्त केलीय म्हणे. लिहाल ना?"

"लिहीन की."

"पण या वेळी शेवटासकट लिहा. इतका जुना सिनेमा, फोडायचं काय राहिलंय त्यात? नावाड्यानं मुलीला ओळखलं की नाही, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात. तुमचं काय मत?"

"बघून सांगते," ती म्हणाली.

लग्नानंतर दोघांनी पाहिलेला तो पहिला सिनेमा. म्हाताऱ्या नावाड्याची लहानपणी हरवलेली मुलगी मोठी होऊन, परकी म्हणून त्याच्याच नावेत बसते. प्रेक्षकांना ते ठाऊक असतं, त्याला नसतं. नदीच्या मध्यावर तो वल्हं थांबवतो आणि तिच्याकडे बघतो. नेमकं तेव्हाच तिला नवऱ्याबरोबर उठावं लागलं होतं.

तेव्हा कारण होतं, शेवटची बस. पुढे सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली, मग शेजाऱ्यांकडे ठेवलेली त्यांची छोटी मुलगी. सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, बसच्या जागी स्कूटर आली. कारणं एकेक करून संपली, उठणं तेवढं राहिलं. काही सिनेमांचे शेवट तिने नंतर कपड्यांच्या घड्या घालता घालता फोनवर पाहिले होते. हा मात्र हाताशी असूनही पाहिला नव्हता. इतकी वर्षं तिने तो मनातल्या मनात नाना तऱ्हांनी संपवून बघितला होता.

"मग एकट्याच जा की," हे सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली.

"एकटीनं गेले तर शेवट कळेल गं. पण घरी बोलायचं ते राहूनच जाईल."

"मग बोला ना! नवराच आहे, वाघ आहे का?"

"वाघ असता तर सोपं होतं. हा बिचारा हौसेनं तिकिटं आणतो."

रविवारी चहा पिताना तिने सुरुवात केली. "अहो, आज ना..."

"माहितीये. रस्ता खणून ठेवलाय," नवरा म्हणाला. "म्हणून तर अगदी दाराजवळच्या खुर्च्या घेतल्यात."

त्याचा चेहरा इतका खुलला होता, की तिने कप उचलला आणि विसळायला नेला. मध्यंतरात सांगू, असं ठरवलं. मध्यंतरात तो पॉपकॉर्नच्या रांगेत होता, परतला तेव्हा दिवे मालवले होते. आता सांगायची एकच वेळ उरली होती, आणि ती तिला पक्की ठाऊक होती.

दुरुस्त केलेल्या प्रतीत नदी नव्यासारखी चकाकत होती. पूर्वी तिला न दिसलेली गोष्ट आता दिसली: मुलगी नावेत चढते तेव्हा नावाडी हात पुढे करत नाही, पाटावरचं पाणी तेवढं पुसतो. म्हणजे त्याला आधीच कळलंय? की तो सगळ्यांसाठीच पुसतो? पुढचं पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येणार नव्हतं.

नाव मध्यावर आली. वल्हं थांबलं.

"चल."

ती हलली नाही. नवरा उभा राहिला, तिच्याकडे वाकला. "अगं, ऊठ ना. नंतर स्कूटर निघायची नाही."

"ओ काका, बसा की खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"झालंच हो, निघतोच आहोत आम्ही," तो वळून म्हणाला, आणि त्याने पुन्हा तिच्या कोपराला हात लावला.

तिने तो हात हळूच बाजूला केला. मग कुजबुजत नाही, प्रयोगशाळेत बोलते त्याच साध्या, स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

"तुम्ही व्हा पुढे. मी शेवट बघून येणार आहे. आज, आणि यापुढं दर वेळी."