आले, आलो

आले

शाळेतून आला की रीळ दारातूनच ओरडायचा, "आई, मी आले."

चौदा वर्षांचा मुलगा. बाप कधीच निघून गेलेला. घरात शिवणकाम करणारी आई, मावशी आणि नऊ वर्षांची बहीण टाचणी, गिऱ्हाइकंही बायकाच. कानावर पडलं तेच जिभेवर बसलं. "आलीस? हात धू बाई," मावशी म्हणायची आणि टाचणी खिदळायची. रांगताना तो दोऱ्याच्या रिळामागे जायचा, म्हणून हे नाव. सगळीच चेष्टा. कुणाला काही टोचत नव्हतं.

आली

मग जुनी शाळा सुटली आणि मुलांच्या शाळेत नाव घातलं. पहिल्याच हजेरीला तो म्हणाला, "मी आलेय, सर."

"अस्सं. मग बाकावर उभी राहा," सर म्हणाले.

त्या एका वेलांटीवर वर्ग लोटपोट झाला. तेव्हापासून तो दिसला की पोरं "आली रे, आली" म्हणत. शर्टाची बटणं तुटून येऊ लागली. आईने लावली, पुन्हा लावली. शेवटी सरांना भेटायला गेली.

"बायकांत वाढलाय, दुसरं काय," सर म्हणाले. "आम्ही इथे सरळ करतो. घरी तुम्ही जीभ वळवा."

"वळवते," ती म्हणाली.

म्हण

"म्हण, आलो."

"आले... आलो."

"पुन्हा."

चुकला की कापड मापायची लाकडी पट्टी गुडघ्यावर. हलकेच, पण प्रत्येक वेळी.

"अगं, कापड ताणून मापात येत नाही," मावशी म्हणाली. "विरतं."

"विरू दे. बटणं तरी राहतील."

आलो

बटणं राहिली.

एकदा धुवायला घेतलेल्या त्याच्या शर्टाच्या खिशात तिला एक निळं बटण सापडलं, कापडाच्या चिंधीसकट उपटलेलं. त्याच्या शर्टांना निळी बटणं नव्हती. तिने चिंधी कातरली आणि बटण डब्यात टाकलं. नंतर एक तपकिरी आलं. मग एक पांढरं, दोऱ्यावर काळपट डाग असलेलं. डब्यात मिसळली की बटणं सगळी सारखीच, असं तिने मनाशी म्हटलं. त्याला विचारलं मात्र नाही.

आता तो दारातून ओरडत नसे. चपला काढून उंबऱ्यात उभा राही. घरात कोण आहे, कोण नाही, ते बघून घेई. बायकांचं हसणं त्या तेवढ्या वेळात आटे. मावशीही जपून बोलू लागली.

एका संध्याकाळी टाचणी गल्लीतून धावत आत आली. खेळताना गुडघा फुटलेला, तोंडभर हसू. दादाची नक्कल करत छाती काढून म्हणाली, "आई, मी आलो."

दाराशी उभ्या असलेल्या रिळाने हात लांबवून मशीनवरची पट्टी उचलली.

"म्हण, आले."

टाचणी अजून हसतच होती. खेळच वाटला तिला. "आलो," ती म्हणाली.

पट्टी बसली. फुटलेल्याच गुडघ्यावर, आणि हलकेच नाही.

"रीळ, ठेव ती," आई उठत म्हणाली.

"मध्ये पडू नकोस, आई. ही वेळेवर सरळ झाली पाहिजे."

ती अर्धी उठलेली तशीच राहिली. त्याने तिच्याकडे न बघता मागे हात नेऊन दाराला कडी घातली.

"पुन्हा," तो म्हणाला. अगदी आईच्याच सुरात.