भिगवणच्या भट्टीचा डूख

मित्रांनो, मी एक जुनी गॅसची भट्टी आहे, पण जवळ येऊ नका, जरा लांबच उभे राहा. माझ्या अंगावर मासे भाजायची जाळी आहे, पोटात बर्नर आहे आणि मनात राग आहे. तो राग भिगवणच्या हायवेवर मासळीचं हॉटेल चालवणाऱ्या जयवंतरावांवर आहे, आणि तो का आहे तेच आज सांगते.

माझा जन्म जळोचीचा. त्र्याण्णव साली तिथल्या एका वेल्डिंगच्या दुकानात अँगल कापून, पत्रा वाकवून मला उभं केलं. तिथून टेम्पोत घालून मला भिगवणला आणलं आणि हॉटेलसमोरच्या अंगणात मांडलं. भाजायचं काम सारजाबाईकडे होतं. सारजा गावातलीच, तिचं घर तिच्या एकटीच्या हातावर चालायचं. आणि काय हात होता तो! मीठ, मिरची, लसूण चोळलेली चिलापी मासळी ती माझ्यावर टाकायची आणि अशी उलटायची की कातडं जाळीला चिकटायचं नाही. सकाळी आल्याबरोबर आधी मला पुसायची. मग साबणाचा फेस नळीवरून फिरवायची. बुडबुडा आला की समजायचं, गॅस निसटतोय. पेटवताना काडी आधी ओढायची, गॅसचा कॉक मागाहून सोडायची. गिऱ्हाईक बोटं चाटत तिचं कौतुक करायचं, तेव्हा थोडं कौतुक मीही माझ्याकडे ओढून घ्यायची.

आता जयवंतरावांची अक्कल ऐका. उजनीच्या पाण्यावरून वारा सुटला की माझी ज्योत विझायची. म्हणून त्यांनी माझ्या तीन बाजूंना पत्रे ठोकले. गॅसच्या टाकीला ऊन लागू नये म्हणून माझ्या पायाशी खड्डा खणला, टाकी त्यात उतरवली आणि वर पोतं टाकलं. अहो, हा गॅस हवेपेक्षा जड! निसटला की वर उडून जात नाही, खड्ड्यात पाण्यासारखा साचतो. पुढे नळीला चीर गेली, तर नवी आणायची सोडून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. एवढं करून रोज सकाळी धंद्याला बरकत यावी म्हणून त्याच खड्ड्याच्या काठाशी हळदकुंकू वाहायचे आणि उदबत्ती लावायचे!

"मालक, खड्ड्यातनं वास येतुया," सारजा म्हणाली. "नळी बदला, आन् टाकी वर काढा."

"मासळीच्या हाटेलात काय अत्तराचा वास येणार व्हय?" जयवंतराव म्हणाले. बाकड्यावरची माणसं खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं. "पेटव गं, मानसं खोळंबलीत," एवढंच उत्तर मिळालं. बिचारीने पोतं बाजूला करून सुपाने वारा घातला. वास कमी झाला, तिला वाटलं गेला. तिने काडी ओढली मात्र, खड्ड्यातून भक्कन जाळ उठला आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

जयवंतरावांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, हे मी नाकारत नाही. पण परत आल्यावर अंगणात उभं राहून त्यांनी साऱ्यांना मोठ्याने सांगितलं, "बाईनं कॉक आधी सोडला, काडी मागनं ओढली. मी काय करनार?" मग हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात जाऊन तेच सांगितलं. हात बरा झाल्यावर सारजा काम मागत फिरली, पण तिला कोणी चुलीजवळही उभं करेना. शेवटी ती समोर एसटीच्या थांब्यावर पेरूची पाटी घेऊन बसली.

माझ्या जाळाने तिला भाजवलं, आणि वर यांनी तिलाच खोटं पाडलं! मी डूख धरला, मित्रांनो. जयवंतराव स्वतः भाजायला उभे राहिले की मी मासा एका अंगाला कोळसा करायची आणि दुसऱ्या अंगाला कच्चा ठेवायची. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेल उडवायची. गिऱ्हाईक नाक मुरडून उठलं की मला गारगार वाटायचं. पण तेवढ्याने माझं भागत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी ते उदबत्ती पेटवून आले. रात्रभर ती पट्टी गळत होती आणि खड्डा काठोकाठ भरला होता. मी मनात म्हटलं, ये बाबा, ये. वाक अजून. ते वाकले. भक्क! भुवया गेल्या, मिशी गेली, पायजमा पेटला. "मेलो, मेलो" करत ते अंगणात लोळायला लागले, आणि मला असा आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात रस्त्यापलीकडून सारजा धावत आली. मासळीच्या बर्फावरची ओली पोती तिने ओढली, एक त्यांच्या पायांवर टाकलं, दुसरं हाताला गुंडाळून रेग्युलेटर बंद केला. मला तिचा संताप आला. अगं, कशाला वाचवतेस त्याला?

माणसं गोळा झाली. सारजा धापा टाकत म्हणाली, "आता सांगा मालक, कॉक कुनी सोडला हुता?"

जयवंतरावांनी मान खाली घातली. "कुनीच न्हाय," ते पुटपुटले. "सारजे, तुझे लई उपकार झाले."

"उपकार ऱ्हाऊ द्या. जितं जितं माझं नाव घेतलंत, तितं तितं जाऊन हे सांगायचं. मी संगं येनार."

आता तुम्हाला बजावते. टाकी उघड्यावर, सपाट जमिनीवर, उभी ठेवा. खड्ड्यात नको आणि पत्र्याआडही नको. नळीला चीर दिसली की नळीच बदला. गळती साबणाच्या फेसाने बघा, काडीने कधीच नाही. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद करा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, माणसांना लांब न्या. आणि वास येतोय असं कोणी सांगितलं तर हसू नका. मला दयामाया नाही, हे ध्यानात ठेवा.

जखमा जरा सुकल्यावर जयवंतराव पायांना पट्ट्या बांधून, काठी टेकत निघाले. मागे सारजा. पहिलं हॉटेल आमच्या शेजारचंच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. जेवणारी माणसं घास हातात धरून बघत राहिली.

"सारजाची चूक न्हवती," जयवंतराव खालच्या आवाजात म्हणाले. "वास येतोय म्हनून तिनं सांगितलं हुतं. मीच हसलो."

"मोठ्यानं, मालक," सारजा म्हणाली. "तवा लई मोठ्यानं सांगितलं हुतं तुमी."

आणि जयवंतरावांनी ते पुन्हा सांगितलं, पार एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जाईल असं.