हिराची सावड

राजेश्वरीने विळा कमरेला खोचला, तशी तिची सासू झुंबरबाई चुलीपुढून कडाडली.

"त्या हिराच्या वावरात जाणार व्हय तू? एवढं झाल्यावर?"

"मागल्या आठवड्यात तिनं आपला भात कापलाय, आत्या. सावड फेडायला नगं?"

परंदवडीत सावडीला मजुरी नसते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. हिरा तिची जिवाभावाची मैत्रीण, तिने आपली पाळी इमानाने केली होती. दगा दिला तो दुसरीकडेच. रात्ररात्र डोळा लागेना म्हणून राजेश्वरी वडगावला मनाच्या डॉक्टरकडे जाऊ लागली, हे घराबाहेर एकट्या हिराला ठाऊक होतं. आणि परवा राजेश्वरीच्या मुलीचं, मानसीचं, जमत आलेलं लग्न मोडलं. "मुलीच्या आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तुमच्या हिराबाईच सांगत होत्या," मध्यस्थ म्हणाला. परक्या कुणी केलं असतं तर राजेश्वरीने चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. हे मात्र तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

वावरात हिरा तिची नजर चुकवून लांबच्या टोकाला लागली. राजेश्वरी कापत राहिली. रागाने तिचा हात रोजच्यापेक्षा भराभर चालत होता.

दुपारी आंब्याखाली भाकऱ्या सुटल्या. जेवण झाल्यावर राजेश्वरीने कनवटीची गोळी काढली. एरवी ती पाठ फिरवून घ्यायची. आज सगळ्यांसमोर तळहातावर धरून बसली.

"हिरा, पाणी दे गं. डॉक्टरनं दिलेली गोळी घ्यायचीय."

सावडीला आलेल्या बायकांनी माना वळवल्या. हिराने तांब्या पुढे केला.

"राजे, माज्या तोंडून निसटलं गं..."

"लय लागलं मला, हिरा. तुजी सावड मी पुरी करीन. पण हितून म्होरं मनातलं काय तुला सांगायची न्हाई."

राजेश्वरीने गोळी गिळली, तोंड पुसलं आणि ती पुन्हा ओळीला लागली. छातीवरचा भार उतरला नव्हता, पण श्वास जरा मोकळा येत होता.

दिवस कलल्यावर बांधावरून परतताना सावडीतली रतन तिच्या मागोमाग आली. अख्खा दिवस ती अवाक्षर बोलली नव्हती.

"वडगावचा त्यो डॉक्टर कंच्या वारी असतो गं?"

राजेश्वरीने वळून पाहिलं. रतनचे डोळे पार खोल गेले होते. आजवर आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं तिला वाईट वाटलं.

"गुरुवारी. मी येते तुज्यासंगं."

"कुणाला बोलू नगंस."

रतन आपल्या वाटेने गेली, तोच मागून हिरा धापा टाकत आली.

"रतन काय म्हणत हुती गं?"

इतक्या वर्षांची सवय. काहीही झालं की आधी हिराला सांगायचं. आताही शब्द ओठापर्यंत आले.

राजेश्वरीने कमरेचा विळा नीट खोचला.

"विळ्याला धार कुटं लावली, ते इचारत हुती," ती म्हणाली, आणि घराकडे वळली.