वळणावरचा हात

सुसाटने उजव्या स्केटिंग बुटाच्या पात्यावर अंगठ्याचं नख आडवं ओढलं आणि तो थांबला. नखाचा पांढरा भुगा धारेवर उतरला. त्याने पुन्हा ओढून पाहिलं. सकाळी त्याने स्वतः धार लावली होती, तेव्हा मधल्या भागात बारीकशी खरखर राहिली होती. ती आता नव्हती. पात्याला कुणीतरी हात लावला होता.

त्याने खोलीत नजर फिरवली. बाकावर मोजे, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं तरी ओलं हेल्मेट. उपांत्य फेरी आटोपून तो तोंडावर पाणी मारायला बाहेर गेला होता, तेवढ्यात हे झालं होतं. तो गेला तेव्हा खोलीत एकच माणूस होता.

तोच माणूस दारातून आत आला. त्याच्या हातात चहाचे दोन कागदी पेले होते.

"घे. साखर कमी आहे," दाजी म्हणाला.

"नको."

दाजीने पेला बाकावर ठेवला आणि बुटाकडे पाहिलं. "उजव्या पात्याला बारीक दात पडला होता. दगड फिरवून काढलाय मी. वळणावर लागला असता."

"मला विचारलं असतंस."

"तू नव्हतास."

"मी आलोच असतो की."

दाजीने आपला चहा घेतला आणि तो पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. सुसाटने खणातून धार लावायचा दगड काढला, पातं शिकंज्यात अडकवलं आणि जिथे हात लावायची काहीच गरज नव्हती तिथे सावकाश दगड फिरवायला सुरुवात केली. दाजी ते बघत होता. त्याने बघावं, असंच सुसाटला वाटत होतं.

दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. आधी संघातला जोडीदार, मग मित्र, मग पाहुणा. लग्न ठरलं तेव्हा सुसाट त्याला चेष्टेने दाजी म्हणू लागला आणि ते नाव असं चिकटलं, की कोचसुद्धा त्याला दाजीच म्हणायला लागले. सुसाटच्या बोलण्यातली चेष्टा मात्र त्यानंतर लवकरच संपली.

गेल्या मोसमात एका शर्यतीत शेवटच्या वळणावर दाजी त्याच्या आतून पुढे घुसला होता. सुसाटच्या कमरेला काहीतरी लागलं, पाय सुटले आणि तो भिंतीला लावलेल्या गाद्यांवर खांद्याने आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. पंचांना कुणाचाच दोष दिसला नाही. दवाखान्यात दाजी त्याच्या उशाशी बसून राहिला आणि म्हणाला, "माझा हात कुठे होता ते मला खरंच आठवत नाही रे." पुढे लग्नात सुसाट हात गळ्यात बांधूनच मिरवला. अल्बममध्ये नवरा, नवरी आणि झोळीत हात घातलेला भाऊ असे तिघे जिथेतिथे हसताना दिसतात. पाहुणे विचारायचे, बहिणीच्या लग्नाला एवढा विरोध होता की काय? सगळे हसायचे, तोही हसायचा. पण मनातली पाल चुकचुकायची काही थांबली नाही. स्वतःचा हात कुठे होता हे माणसाला कळत नाही, असं कसं होईल?

आज अंतिम फेरीत चौघे होते, आणि त्यांतला एकच राष्ट्रीय संघात जाणार होता. दुसऱ्या क्लबचा एक उंच मुलगा होता, आणखी एक जण होता, पण त्यांचं भय सुसाटला वाटत नव्हतं. सकाळपासून तो एकाच माणसावर डोळा ठेवून होता. न्याहारीच्या टेबलावर ताई आणि दाजी डोकं जवळ आणून काहीतरी बोलत होते आणि तो ताटली घेऊन येताच गप्प झाले होते. नंतर दाजी कोचच्या खोलीत गेला होता, दार लावून. तो बाहेर आला तेव्हा कोचनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

बूट घालून तो बर्फाकडे निघाला तेव्हा बोळात ताई उभी होती. तिने त्याच्या जॅकेटची चेन उगाचच वर ओढली, लहानपणी ओढायची तशी.

"एक सांगते. त्याने तुला सांगू नको म्हटलंय," ती म्हणाली. "हा आज शेवटचं उतरतोय. गुडघा साथ देत नाही आता. सरांनाही सकाळीच सांगितलं त्याने."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या डोक्यात राहील म्हणून."

"आणि तू सांगतेस."

"मला वाटलं, तुला माहीत असावं." तिने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तू काय समजलास?"

"काही नाही."

तो जे समजला ते त्याने तोंडातून काढलं नाही. शेवटची शर्यत असलेल्या माणसाकडे गमवायला काही उरत नाही. बाद झाला तरी त्याचं काय बिघडतं? त्याने हातमोज्यांची बोटं एकदा नीट ओढून बसवली आणि तो बर्फावर उतरला.

आरंभाच्या रेषेवर दाजी त्याच्या डाव्या बाजूला होता, सगळ्यात आत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पिस्तूल वाजलं आणि सुसाट आपल्या नावाला जागला. पहिल्या वळणाच्या आधीच त्याने दाजीच्या पुढे येऊन आतली जागा घेतली. साडेचार फेऱ्यांच्या शर्यतीत एवढं साधलं, की बाकी फक्त मागच्याला वाट न देता दार लावून धरायचं असतं.

तो दार लावून पळत होता. मागची पाती ऐकू येत होती. एवढ्या वर्षांच्या सरावाने त्यातली दाजीची कोणती हे त्याला मान न वळवता कळत होतं. जोराने न कापता लांब ओढल्यासारखा आवाज. दुसऱ्या फेरीत तो आवाज उजवीकडे सरकला, मग पुन्हा मागे आला. चाचपतोय, सुसाटला वाटलं. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. अजून नाही. समोरच्या सरळ पट्ट्यावर आवाज एकदम जवळ आला, आणि सुसाटच्या मनात सकाळपासून साचलेलं सगळं त्याच्या पाठीत येऊन बसलं. आता. आता हा घुसणार.

शेवटच्या वळणावर तो झुकला, डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकली. त्याच क्षणी कोपराखाली निळं हेल्मेट दिसलं. दाजी आतून येत होता, आणि जागा होती. थोडी, पण होती. सुसाटने ती बंद केली. काहीतरी लागलं. कापड, हाड, की नुसताच वारा? मग तो लांब ओढलेला आवाज तुटला, बर्फावरून काहीतरी घसरत गेलं आणि गाद्यांवर धप्प आदळलं. सुसाट रेषेपार गेला होता.

त्याने हात वर केले नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकून घसरत राहिला. कोच कठड्यावरून ओणवे होऊन त्याला बोलवत होते. पंच पडद्याभोवती जमून शेवटचं वळण पुन्हा पुन्हा बघत होते. पलीकडे दोन माणसं दाजीला उठवून बाहेर नेत होती. दाजी डावा पाय टेकत नव्हता.

सुसाटने हातमोजा काढून डाव्या हाताकडे पाहिलं. जागा बंद करताना हा हात बर्फावर होता, की उचलला गेला होता? त्याने डोळे मिटून ते वळण पुन्हा घेतलं. हेल्मेट दिसलं, जागा दिसली, स्वतःची भीतीसुद्धा जशीच्या तशी आठवली. हात आठवेना.

बराच वेळ गेला. मग निकाल फलकावर लागला. सुसाट पहिला. दोष कुणाचाच नाही.

कोचनी त्याला कठड्यावरूनच मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, "नशीब, तो उंच पोरगा कॅमेऱ्याच्या मध्ये आला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जॅकेट घाल, अंग गार पडेल. आणि पदक गळ्यात पडेपर्यंत कुणाशी काही बोलत बसू नकोस. तोवर पंच निकाल फिरवू शकतात."

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू जिंकलास," कोच म्हणाले आणि बूट ठेवायची पिशवी उचलायला वाकले. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं नाही.

प्रथमोपचाराच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दाजी खाटेवर पाय लांब करून बसला होता. घोट्यावर बर्फाची पिशवी होती. ताई त्याच्याशी काहीतरी बोलत होती. सुसाट दिसताच ती थांबली. या वेळी ती का थांबली, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"ये की," दाजी म्हणाला. "सुरुवात झकास घेतलीस. तिथेच शर्यत संपली होती खरं तर."

"पाय?"

"मुरगळलाय. तसंही आता त्याला काही काम नाही."

सुसाट दारातच उभा राहिला. "पंच आले होते?"

"आले होते. काय झालं म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"कळलं नाही म्हटलं." दाजीने बर्फाची पिशवी जरा सरकवली. "खरंच नाही कळलं. धक्का लागला का मीच सटकलो, देव जाणे."

त्याचा चेहरा सुसाटने नीट पाहिला. सवयीने त्यात काहीतरी शोधलं. उपकार, टोमणा, डाव. तिथे दमलेला एक माणूस होता, कपाळावरचा घाम अजून न पुसलेला.

ताई उठून दारापाशी आली. तिच्या हातात फोन होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्याच वळणासमोर बसले होते. याचं शेवटचं म्हणून सगळी शर्यत घेतलीय फोनमध्ये."

"दिसतं?"

"अजून पाहिलं नाही मी. यालाही सांगितलं नाही." तिने फोन पुढे केला. "तू आधी बघ. नको असेल, तर पुसून टाक. मी कधी विचारणार नाही."

बाहेर ध्वनिक्षेपकावरून पदकविजेत्यांना बोलावत होते. सुसाटने फोन घेतला. तो हातात गरम लागला. ती तो केव्हापासून मुठीत धरून बसली असणार. बोळाच्या टोकाला कोच उभे राहून त्याला लवकर ये म्हणून खुणावत होते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग दार आतून लावून घेतलं.

तो खाटेपाशी गेला. दाजीचा पाय दुखणार नाही अशा बेताने कडेला बसला.

"काय रे? तुला बोलावतायत ना?" दाजी म्हणाला.

"सरक जरा."

दाजी सरकला. सुसाटने फोन दोघांना दिसेल असा मध्ये धरला आणि बोट टेकवलं. छोट्याशा पडद्यावर चौघे रेषेवर वाकले, पिस्तूल बारीक आवाजात वाजलं, आणि दोघंही पुढे झुकून बघू लागले.