घारवीराचा हात कुठला?

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लटकून वाऱ्यावर हेलकावे खाणारा नव्हे हं! मी सिनेमाचा पडदा. माझ्या अंगावरून घोडे दौडले, मोटारी उलटल्या, वाडेच्या वाडे जळाले, तरी मला कधी साधा चटका बसला नाही. आता माझ्या कडा विरल्या आहेत आणि अंगाला कुरडयांचा वास येतो. पण हसू नका. एके काळी दौंडपासून शिरूरपर्यंत माझ्यासारखा रुबाब कुणाचा नव्हता.

माझा जन्म दौंडच्या बाजारात झाला. मेहमूद नावाच्या तरुणानं तंबूतला सिनेमा काढायचं ठरवलं आणि पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण विकत आणलं. त्याची बायको रशिदा हिनं घरच्या शिलाई मशीनवर पट्ट्याला पट्टा जोडून मला शिवलं. मेहमूद तिच्या डोक्याशी उभा राहून सारखा बजावायचा, "नटीच्या नाकावर शिवण येता कामा नये बरं का."

"मंग नटीला सांगा जरा बाजूला हुबी ऱ्हा म्हणावं," रशिदा म्हणाली. तेव्हापासून मला ती फार आवडते.

मग सुरू झाली आमची भटकंती. जत्रा असेल तिथं आमचा तंबू. पाटसला साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मुक्काम तिकडं, मग राहू गावी, मग भीमेपलीकडे शिरूरच्या बाजूला. तंबूच्या मधोमध मला ताणून बांधत. माझ्यापुढं पुरुष बसायचे आणि माझ्यामागं बायका. होय, मागं! तेव्हाची रीतच तशी होती. खेळाआधी मेहमूद माझ्यावर पाणी शिंपडायचा, म्हणजे चित्र आरपार जाई आणि मागच्या बाजूलाही छान उमटे. मागं चित्रातल्या पाट्यांवरची अक्षरं तेवढी उलटी दिसत. पण तिथं बसणाऱ्या बहुतेक जणींना सुलटी अक्षरंही कुणी शिकवली नव्हती, त्यामुळं त्याची तक्रार कधी आली नाही.

आणि एका हंगामात आला 'घारवीर'.

काय सांगू तुम्हाला! आपल्या माणसानं आभाळात उडावं, हे तोवर आमच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. दिवसा तो एसटीतला साधा कंडक्टर. पण कुणावर अन्याय झाला की मुखवटा चढवायचा, खांद्यावर तपकिरी झूल घ्यायची आणि घारीसारखी झेप टाकायची. त्याच्या मनगटावर घारीचं पीस गोंदलेलं होतं. तो हात त्यानं वर केला की पीस लखलखायचं, वारं सुटायचं आणि दुष्टांची पळापळ व्हायची. तो उडताना त्याला बांधलेली दोरी स्पष्ट दिसायची. झूल तर चक्क चादरीची होती. पण कुणाला त्याचं काय! तो हात वर करायचा आणि अख्खा तंबू त्याच्याबरोबर हात वर करायचा. त्या वेळी माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं नाही सांगत.

आता मजा ऐका. पुढचे पुरुष डावा हात वर करायचे आणि मागच्या बायका उजवा!

का, ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. घारवीराचं पीस होतं डाव्या मनगटावर. पुढून ते तसंच दिसे. पण मागून बघणाऱ्याला सगळं चित्र आरशातल्यासारखं फिरलेलं दिसे आणि तेच पीस उजव्या मनगटावर येई. पण पुरुष कधी मागं येऊन बसले नाहीत आणि बायका पुढं गेल्या नाहीत. मग व्हायचं तेच झालं. घरोघरी भांडणं! डावा की उजवा? खात्री करायला नवराबायको दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, आपापल्या बाजूला बसायचे आणि आणखी ठाम होऊन घरी जायचे. मेहमूदला खरं काय ते ठाऊक होतं. तो पठ्ठ्या गालातल्या गालात हसत तिकिटं फाडायचा.

राहूची नकुशी त्या वर्षी नवी नवरी होती. घरात पुन्हा मुलगीच झाली म्हणून आईबापांनी तिचं नाव असं ठेवलेलं. शाळा नाही, नवरा दुसऱ्यांनी निवडलेला. पण घारवीर मात्र तिनं स्वतः निवडला होता! माझ्यामागं रशिदाशेजारी बसून तिनं तो इतक्या वेळा पाहिला, की कंडक्टरनं घंटी वाजवायच्या आधी ती तोंडानं 'टिंग टिंग' करायची. आणि एक दिवस पाटसच्या बाजारात गोंदणारणीपुढं बसून तिनं मनगटावर घारीचं पीस गोंदून घेतलं. अर्थातच उजव्या.

तिचा नवरा दगडोबा. तोही घारवीरचा तितकाच वेडा. त्यानं ते गोंदण पाहिलं आणि हसून लोळायचाच बाकी राहिला. "अगं येडे, डावा हात व्हता त्याचा! आता जलमभर उलटं पीस मिरव."

"उजवाच हाय! माझ्या डोळ्यांनी बघितलाय म्या!"

मित्रांनो, हे भांडण काही त्या दिवशी मिटलं नाही. पुढं घरोघरी टीव्ही आले. तंबूत कुत्री येऊन झोपू लागली. मेहमूदनं सिनेमाचं मशीन भंगारात दिलं, पण मला भंगारात द्यायला रशिदाचा हात धजेना. तिनं मला घडी घालून नकुशीच्या स्वाधीन केलं. म्हणाली, "तुझ्याकडं नीट ऱ्हाईल."

मग मी राहूत नांदलो. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया-पापड वाळत पडायचे, लग्नकार्यात मी मांडवाची बाजू झाकायचो. वाईट वाटलं का? पहिल्या वर्षी वाटलं. मग सवय झाली. नकुशी मला दरवर्षी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायची. असं प्रेम मला तंबूतही मिळालं नव्हतं. आणि दगडोबाची चेष्टा चालूच असायची. पाहुणे आले की तो बायकोचा हात पुढं करायला लावायचा. "बघा, आमच्या मंडळींचा उलटा घारवीर!" पाहुणे हसायचे. नकुशीही हसायची, पण शेवटी हनुवटी वर करून म्हणायचीच, "हसा किती हसायचं ते. उजवाच हाय."

त्यांचा मुलगा ज्ञानेश सणसवाडीला एका कंपनीत सुपरवायझर झाला. आईबापांच्या तोंडून घारवीर ऐकतच तो मोठा झालेला. यंदा उन्हाळ्यात तो घरी आला तो नाचतच. "आई, आप्पा, घावला! सापडला घारवीर! कुणीतरी नेटवर टाकलाय!"

मोबाइलवर ती दोघं डोक्याला डोकं लावून बघू लागली. मी शेजारीच, कुरडयांखाली. घारवीरानं हात वर केला. डावा.

दगडोबानं मांडीवर थाप मारली. "काय म्हणत व्हतो मी? बघ, बघ डोळे उघडून!"

नकुशीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावाच. ती तशीच उठली आणि चुलीकडं गेली. तिला भांडताना मी इतकी वर्षं ऐकलं होतं, तिचं गप्प बसणं मला पहिल्यांदाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवसापासून ती लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली, भर उन्हाळ्यात! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! अरे, खरं काय ते मला माहीत होतं. पण पडद्याला तोंड कुठं असतं?

तिकडं ज्ञानेशनं आणखी एक घाट घातला होता. घारवीरच्या जुन्या चाहत्यांचा त्यानं व्हॉट्सॲपवर गट केला. बघता बघता पाटस, दौंड, शिरूर, कुठली कुठली माणसं त्यात आली. कुणी घारवीरच्या आरोळीचा आवाज पाठवायचं, कुणी तसल्याच चादरीच्या झुलीत काढलेला लहानपणीचा फोटो. ठरलं! राहूच्या शाळेच्या मैदानात घारवीर दाखवायचा. ज्ञानेशनं त्यासाठी पुण्याहून एलईडीची भलीमोठी भिंत भाड्यानं मागवली.

"म्या न्हाई येणार," नकुशी म्हणाली. "हसू करून घ्यायला कशाला येऊ?"

खेळाच्या दिवशी दौंडहून मेहमूद आणि रशिदा आले. मेहमूद मैदानाकडं गेला, रशिदा थेट घरात. आता तिचे गुडघे दुखतात, पण जीभ होती तश्शीच आहे. "मी एवढी दौंडवरनं आले ती काय एकटी बसाया? ऊठ!"

"रशिदा, आपलं चुकलं गं. डावा हाय तो."

"मोबाइलला काय कळतंय? आपण काय आंधळ्या व्हतो का? चल म्हणते ना."

"तुझ्यासाठी येते. पण वर मान करून बघायची न्हाई म्या." असं म्हणून नकुशीनं बसायला अंथरूण म्हणून मला काखेत मारलं. हो, मला! मित्रांनो, सिनेमाच्या पडद्याला सतरंजी म्हणून नेलं. पण निदान सिनेमाला तरी नेलं.

मैदानात बरीच गर्दी होती. दोघी सवयीनं सरळ त्या भिंतीच्या मागं गेल्या आणि मला अंथरून बसल्या. त्यांचं बघून पाटसच्या, शिरूरकडच्या, सगळ्या जुन्या बायका तिकडंच आल्या. समोर लोखंडी सांगाडा आणि वायरींचं जाळं.

"अरे ज्ञानेश," रशिदा ओरडली, "इकडं नुसत्या वायरी हायती! चालू कर की!"

ज्ञानेश धावत आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "काकू, ह्याला मागली बाजूच नसती. समद्याजणी पुढं या. आता काय तसं वेगळं बसायचं ऱ्हायलं न्हाई."

"संगं बसायला माझी ना न्हाई रं," नकुशी म्हणाली. "पण माझा घारवीर म्या इकडनं बघितलाय. जाऊ दे. बरंच झालं, बघायला नको." आणि ती उठली. चपला पायात सरकवल्या.

रशिदानं माझ्यावर हात टेकला उठण्यासाठी. आणि तिथंच थांबली. तिची बोटं माझ्या शिवणीवरून फिरली. "अगं थांब! आपण बसलोय कशावर?"

मग काय विचारता! मेहमूदला बोलावलं. त्यानं मला उचलून तोंडाजवळ धरलं आणि त्याचे डोळे भरून आले. पुढून पुरुष कुरकुरले. दगडोबा ओरडला, "त्या फडक्यावर कुरडया घाला!" पण ज्ञानेशनं आईकडं पाहिलं आणि त्याचं ठरलं. शाळेतल्या बाईंनी प्रोजेक्टर दिला. दोन बांबू रोवले. मेहमूद म्हणाला, "आधी पाणी शिंपडा." इतक्या वर्षांनी ते गार पाणी अंगावर पडलं आणि मी ताठ झालो.

अंधार पडला. घारवीर सुरू झाला. कंडक्टरच्या घंटीआधी मागून 'टिंग टिंग' ऐकू आलं नाही. नकुशी खाली मान घालून बसली होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, 'बघ गं बाई, एकदा बघ!' घारवीरानं हात वर केला आणि रशिदानं तिच्या बरगडीत कोपर मारलं. नकुशीनं मान वर केली.

पीस लखलखलं. उजव्या मनगटावर.

"उजवा!" ती इतक्या जोरात ओरडली, की झाडावरची पाखरं उडाली. "उजवाच हाय! म्हणत व्हते का न्हाई?" तिनं बाही कोपरापर्यंत सारली. मागच्या सगळ्या बायकांचे उजवे हात वर झाले.

"डावा!" पुढून गर्जना झाली.

दगडोबाचं डोकं फिरलं. काठी आपटत तो बांबूला वळसा घालून मागं आला. "कुठं हाय उजवा? दाव मला!"

"बसा गप. आता परत येतंय."

तो धुसफुसत तिच्याशेजारी बसला. शेवटची लढाई आली. घारवीरानं झेप घेतली, दोरीसकट. पुढचे सगळे डावे हात वर गेले. दगडोबाचाही डावा हात सवयीनं वर गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग बायकोच्या मनगटाकडं. मग पुन्हा माझ्याकडं. तोंड उघडंच राहिलं. त्यानं डावा हात हळूच खाली घेतला आणि उजवा वर केला.

"आयला," तो म्हणाला, "व्हय की गं!"

नकुशीनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग हसायलाच लागली. "चार पावलं मागं यायला सारी हयात घातली व्हय तुम्ही!"

खेळ संपल्यावर दगडोबानं पुढच्या माणसांना एकेक करून हाताला धरून मागं आणलं आणि तोच खेळ पुन्हा लावायला सांगितला. रशिदानं मात्र नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला ठाव व्हतं?" मेहमूद लगबगीनं पाण्याची बादली ठेवायला निघून गेला.

आता मी पुन्हा पेटीत आहे, पाला घालून, आणि सुखात आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं कापड फाडून पोतेरं करण्याआधी ते जरा उजेडात धरून बघा. आणि कुणी एकटं पडूनही आपलं म्हणणं सोडत नसेल, तर त्याला हसू नका. उठा, त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तिथून काय दिसतं ते बघा.