आठ थेंब

सुभद्रा सातव्या महिन्यात तोंडवलीला माहेरी आली, तेव्हा तिच्या आईने, मथुराने, मनाशी ठरवलं होतं की पोरीच्या बाबतीत काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही. साल होतं एकोणीसशे बासष्ट. जावई मुंबईला, मथुराचा नवरा जाऊन चार वर्षं झालेली. घरात या दोघीच.

दर मंगळवारी वेरोनिका नर्स खाडीपलीकडून, आचऱ्याहून, होडीने यायची. या मंगळवारी तिने सुभद्राच्या पायांवरची सूज बोटाने दाबून पाहिली आणि पिशवीतून एक स्वच्छ धुतलेली बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"फाल्यां सकाळी पेज खाल्ल्यावर दोन तासांनी हेच्यात लघवी धर आणि लवूच्या होडयेतून धाडून दे. नव्या डॉक्टरीणबायेचो हुकूम आसा. सगळ्या गरवार बायकांची साखर बघूची."

"लघवयेत साखर?" मथुरा हसू लागली. "अगो बाये, आमच्या चायत धड साखर पडना नाय, लघवयेत खंयसून येतली?"

"हसा नको मावशे. असता एकेकीक. मगे पोटातल्या पोराक तरास होता."

वेरोनिका गेली. मथुराचं हसू मात्र तिच्या पाठोपाठच गेलं. गरवार बाईच्या अंगातलं काहीही, अगदी विंचरताना गळलेला केससुद्धा, वेशीबाहेर जाऊ द्यायचं नाही हे तिला सासूने शिकवलं होतं. कुणाच्या हाती लागलं तर करणी करायला तेवढं पुरतं. सुभद्राच्या पाठीवर मथुराला तीन मुलगे झाले. तिन्ही पुऱ्या दिवसांचे, आणि एकही रडला नाही. तिसऱ्याच्या वेळी सासू म्हणाली होती, "तूच खंयतरी केस टाकलंस." मथुराला असा केस आठवत नव्हता. पण टाकला नाही, असंही तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुभद्राने सांगितल्याप्रमाणे बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि ती मागीलदारी ठेवून आंघोळीला गेली. मथुरा बाटलीकडे पाहत उभी राहिली. ही आता खाडी ओलांडणार, चार हातांतून जाणार, कुठल्याशा टेबलावर उघडी राहणार. तिने ती माडाच्या आळ्यात ओतली, तीन पाण्यांनी धुतली आणि आडोशाला जाऊन स्वतः भरून आणली. आपण लबाडी करतोय असं तिला वाटलं नाही. पोर तिच्याच रक्तामांसाची. त्या दोघींत नर्सबाईला फरक तो काय दिसणार?

होडीवर लवूने बाटली उन्हाकडे धरून पाहिली. "वैनी, ह्यां काय? काजूची दारू?"

"चाखून बघ मगे! मेल्या, खाली धर आणि गप व्हर."

वेरोनिका मंगळवारची वाट न पाहता शुक्रवारीच आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. ओहोटीमुळे होडी किनाऱ्याला लागली नव्हती आणि तिला थांबायला सवड नव्हती. ती सुभद्राच्या समोर बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "घाबरा नको. पण नीट आयक. निळ्या औषधात तुझी लघवी घालून उकळलंय. औषध निळा रवला तर बरा. तुझा जांभ्या चिऱ्यासारखा तांबडा झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे साखर खूप आसा. आजपासून भात बंद. रोज इंजेक्शन घेवचा लागात. आणि आठव्यात तुका कोल्हापूरच्या मोठ्या हॉस्पिटलात जावचा लागात, डॉक्टरीणबाय चिठी देतली."

सुभद्राने दोन्ही हात पोटावर ठेवले. "पोर जगतला मां?"

वेरोनिकाने नजर पिशवीकडे वळवली. ती वळलेली नजर मथुराच्या ओळखीची होती. हाच प्रश्न तिने तीनदा विचारला होता, आणि तिन्ही वेळा सुईण अशीच दुसरीकडे पाहत राहिली होती.

"ता तिचा न्हय," मथुरा म्हणाली.

"काय तिचा न्हय?"

"बाटलेतला. माझा होता ता. तिचा मी वतून टाकलंय."

"आये!" सुभद्रा उठायला गेली, पण पोटामुळे तिला झटकन उठता येईना. "दोन दिस गप रवलंस? ही बाय माका सुयो टोचूक निघाली होती!"

"तुझा वेशीभायर जावक नको होता गो," मथुरा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की वेरोनिकाच्या ओठांवर आलेला राग तिथेच राहिला. तिने पिशवी पुढे ओढली आणि एकेक वस्तू चटईवर मांडली. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली.

"बरा. खंय जावक नको. हंयसरच बघूया, तुझ्या डोळ्यांदेखत."

सुभद्राने वाटीत नमुना आणून दिला. वेरोनिकाने नळीत औषध मोजून घेतलं आणि वरून आठ थेंब सोडले. मथुरा थेंब तोंडाने मोजत होती. नळी दिव्यावर धरली, औषधाला उकळी फुटली. निळा रंग थोडा गढूळला, मग कडेने हिरवट झाला आणि तिथेच थांबला. वेरोनिका नळी गार होईपर्यंत थांबली, उजेडात धरून तिने पुन्हा पाहिलं.

"हिरवट. जराशी आसा. गरवारपणात इतकी एकेकीक दिसता, आणि ती वाढताच असा नाय. इंजेक्शन नको, कोल्हापूर आत्ताच नको. पण दर मंगळवारी बघूचीच. गोड बंद, भात अर्धो."

सुभद्रा पदरात तोंड घालून रडू लागली. मथुराने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"आता तुझी लघवी हाड," वेरोनिका मथुराला म्हणाली.

"माका कित्याक? मी काय गरवार आसंय?"

सुभद्राला रडता रडता हसू फुटलं. मथुरा पुटपुटत मागीलदारी गेली आणि वाटी घेऊन आली. पुन्हा आठ थेंब. या वेळी निळं हिरव्यावर थांबलं नाही. पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि तळाशी चिऱ्याच्या भुकटीसारखा तांबडा गाळ बसला.

वेरोनिकाने दिवा विझवला. "तहान लागता, मावशे?"

"लागता. रातीक दोन तांबये जातत. उन्हाळो मां."

"पावसाळ्यात?"

मथुराने आठवून पाहिलं. पावसाळ्यातही दोन तांबे जात होते.

"आणि तुझी पोरां? जी रवली नाय?"

"तीन झील. मोठे होते. तिसऱ्याक बघून सुईण म्हणाली, ह्यां तीन म्हयन्यांचा पोर वाटता."

वेरोनिकाने नळीतला तांबडा गाळ मथुरासमोर धरला. "तेव्हा तुका कोणी तपासूक नाय, म्हणून खातरीन सांगूचा नाय. पण साखर असली की पोरां अशी मोठी होतत, आणि अशीच जातत. करणी कोणाची नाय, मावशे. आणि चूक तुझी तर नायच."

मथुराला डॉक्टरीणबाईच्या नावाची चिठ्ठी लिहून देऊन ती निघाली. जाताना म्हणाली, "मंगळवारी दोघींचा बघतलंय."

दुपारी पानं सुभद्राने घेतली. स्वतःच्या ताटात तिने अर्धा भात वाढला, आईच्या ताटात नाचणीची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं. मथुराने भाताच्या टोपाकडे पाहिलं.

"थंय बघा नको," सुभद्रा म्हणाली.

दोघी जेवू लागल्या. भाकरी अर्धी झाल्यावर सुभद्राने मान वर न करता विचारलं, "कसे दिसत होते गो ते?"

इतक्या वर्षांत हे मथुराला कुणी विचारलं नव्हतं. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"पयलो तुझ्या बापाशीसारखो. कपाळ मोठा," ती म्हणाली. "दुसऱ्याक केस खूप होते, काळे, कानांवर येयसर. आणि तिसरो..." तिने दोन्ही हात पुढे करून, एक लांबोडकं, जड ओझं अलगद धरावं तसे धरले. "तिसरो इतको होतो. माका घेवक दिल्यानी नाय. पण मी बघलंय."

सुभद्रा ताट बाजूला सारून आईच्या जवळ सरकली.