खांद्यापर्यंतची उंची

पावणेसहाला दीनानाथांनी दूध तापवले, चहाच्या आधणात गवती चहाची पाने चुरगळून टाकली, सदऱ्याला इस्त्री केली आणि सव्वासहाला विश्रांतवाडीहून रिक्षा धरली. सातला ते कॉलेजच्या मैदानावर, कुत्र्यांच्या जातिनोंदणीच्या प्रमुख परीक्षकाच्या खुर्चीत होते. धुके गवतावर रेंगाळत होते. त्यातून कारवान जातीची शिकारी कुत्री येत होती: लांबट तोंडे, आत ओढलेली पोटे, जमिनीला जेमतेम टेकणारे पाय. कुणाचे तरी अर्धवट राहिलेले स्वप्न चालत यावे तशी.

या जातीची प्रमाणके अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिली होती. आता डॉ. उल्का त्यांबरहुकूम मापाची काठी लावत होत्या. नोंद झालेल्या कुत्रीचीच पिल्ले जातिवंत ठरणार होती.

"अर्धा इंच कमी. अपात्र."

कुत्रीची साखळी धरून उभे असलेले लोणी काळभोरचे गेनबा हसले. "सशानं कदी उंची इचारली न्हाय, मॅडम."

"सशांची नोंदणी आपण करत नाही, आजोबा."

गेनबांचे हसू मावळले. "माज्या बापाच्या कुत्र्यांतली ही येकलीच ऱ्हायली हाय. म्हंजी वेल हितंच खुटली."

दीनानाथ उठले. त्यांनी कुत्रीच्या खांद्यावर तळवा ठेवला. ती त्यांच्यापलीकडे, फार दूर कुठेतरी पाहत होती. तळव्याखाली खांद्याची गोलाई लागली आणि त्यांना अकरा वर्षांपूर्वी मापे घेत पालथी घातलेली माळराने आठवली. मेंढपाळांनी तेव्हा काठी लावूच दिली नव्हती. "काठीनं मढं मापत्यात, सायेब," ते म्हणाले होते. मग दीनानाथांनी पत्नीची शिवणकामाची टेप खांद्यावरून खाली सोडली होती. टेप गोलाईवरून वळत गेली, प्रत्येक आकडा सरळ उंचीपेक्षा थोडा वाढत गेला, आणि त्याच आकड्यांवरून किमान उंची ठरली.

"उल्काताई, चूक हिची नाही. माझ्या मापाची आहे."

"सर, अकरा वर्षांनी आठवलं?"

"हो. आत्ताच."

"अहो, पण पुस्तिका छापलीय. तुमच्याच नावानं."

"म्हणून तर मीच सांगायला हवं."

गेनबांनी साखळी सोडली. कुत्री धुक्यात शिरली. काही क्षण तिचे चारही पाय हवेतच असावेत असे वाटले.

दीनानाथ खुर्चीत बसले. टेपची हकिगत त्यांनी सहा ओळींत लिहिली, उंचीपायी परत पाठवलेली सगळी कुत्री पुन्हा बोलवावीत अशी विनंती जोडली. मग गेनबांच्या अर्जावर काठीने मोजून भरलेली उंची तशीच ठेवून 'पात्र'पुढे सही केली आणि दोन्ही कागद उल्कांच्या फाइलीत सर्वांत वर ठेवले.